‘कळंगुटची गर्दी बघायला काश्मीरला कशाला?’ या दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

नाताळच्या सुट्टीतल्या आपल्या काश्मीर सहलीबद्दल तुम्ही दिलेले दोन स्टार आणि खालचा मजकूर वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गहून गुलमर्गला चढायला चार तास गेले, मध्येच गाडी बदलायला लावून जादा पैसे घेतले, गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या डब्यांच्या रोपवेच्या, रांगेत अर्धा दिवस संपला, वरचा टप्पा बंदच होता, मुलांचं स्कीइंग जेमतेम तासभर झालं, तिथले लोक लुटारू आहेत, आणि आमच्या जाहिरातीतल्या फोटोत चिटपाखरू दिसत नाही पण प्रत्यक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘कळंगुटची गर्दी बघायला काश्मीरला कशाला जायचं?’ हे वाक्य आमच्या ऑफिसात सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. झकास आहे. म्हणून आधी त्याचंच घेतो.

आपल्या गोव्याची वस्ती पंधरा-सोळा लाखांची. २०२४ साली पर्यटक आले एक कोटीच्या वर. वर्षभर सारखे वाटून आले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण ते येतात लाँग वीकेंडला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि सगळ्यांना जायचं असतं बागा-कळंगुट-कांदोळीच्या त्याच पट्ट्यात. म्हापश्याहून कळंगुट दहा किलोमीटरच्या आसपास. नाताळात संध्याकाळी निघालात तर किती वेळ लागतो, हे फोंड्याच्या माणसाला सांगायला नको, तो निघतच नाही. कळंगुट पंचायतीने तर २०२४ मध्ये हॉटेलचं बुकिंग नसताना गावात शिरणाऱ्या पर्यटकांकडून कर घ्यायचा ठराव केला. त्या दिवसांत बाहेरच्या नंबरप्लेटची गाडी आपल्या गल्लीत आडवी लागली की आपण काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. टंगमर्गच्या चढावर त्या दिवशी बाहेरची गाडी आपली होती. एवढं धरून चाललं तर पुढचं सगळं नीट कळतं.

आता रस्ता. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. मागामवरून टंगमर्गपर्यंत सरळ मैदानी रस्ता, आणि शेवटचे तेरा किलोमीटर देवदारातून वळणावळणाचा घाट. बर्फ पडला की टंगमर्गला पोलीस गाड्या थांबवतात. फोर बाय फोर असेल किंवा चाकांना साखळ्या असतील तरच वर. श्रीनगरची टॅक्सी तिथेच थांबते आणि तिथल्या टॅक्सी युनियनची गाडी घ्यावी लागते. हा आमचा नियम नाही आणि ड्रायव्हरची लबाडीही नाही. तुमच्या प्रोग्रॅमच्या कागदावर ‘बर्फ असल्यास साखळीची गाडी, खर्च वेगळा’ अशी ओळ छापलेली आहे, पावतीही युनियनची आहे. ते पैसे परत होणार नाहीत.

तो पोरगा साखळ्या चढवत होता तेव्हा तुम्ही गाडीतच होतात, म्हणून सांगतो. आधी साखळी रस्त्यावर पसरायची, गाडी हातभर पुढे घेऊन चाक तिच्यावर आणायचं, मग चिखल-बर्फात पाठीवर झोपून आतल्या बाजूचा आकडा हाताने अडकवायचा. हातमोजे घालून तो आकडा बसत नाही. चाळीस कदम गेल्यावर पुन्हा उतरून साखळी ताणायची, कारण ढिली राहिली तर ती मडगार्ड फोडते. वाटेत कुणीतरी ‘आमची गाडी दणकट आहे’ म्हणत साध्या टायरवर चढतो, वळणावर घसरून आडवा होतो, आणि मागच्या शेकडो गाड्यांचे चार तास जातात. तुमचे गेले ते असे. त्याच रांगेत हॉटेलांत काम करणारी माणसंही अडकलेली असतात. त्यातली बरीचशी टंगमर्ग आणि आजूबाजूच्या गावांतून रोज वर येतात. तुम्हाला खोली उशिरा मिळाली असं तुम्ही लिहिलंय. खोली साफ करणारा तुमच्या मागच्या सुमोत होता.

गोंडोलाबद्दल. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी हे मधलं स्टेशन, १९९८ पासून. दुसरा कोंगडोरीहून अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३९५० मीटर उंचीवर, २००५ पासून. पहिल्या टप्प्याची क्षमता ताशी साधारण सहाशे माणसांची. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच न थांबता चालला तरी चार हजारांच्या थोडं वर. नाताळात गुलमर्गला येणाऱ्यांपैकी ज्याला विचाराल त्याला वर जायचं असतं. हिशोब तुम्हीच करा. दुसरा टप्पा वाऱ्याने बंद होतो, कधी हिमकडा कोसळायच्या भीतीने. त्या उंचीवर अंदाज सकाळी कळतो, आदल्या महिन्यात तिकीट काढताना नाही. त्या तिकिटाचे परत आलेले पैसे तुमच्या खात्यात वळते केले आहेत.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुमच्या अभिप्रायात नाही. स्की शिकायला गोंडोला लागतच नाही! नवशिक्यांचे उतार खालीच, गुलमर्गच्या वाटीसारख्या मैदानाच्या कडेला आहेत. आमच्या माणसाने आदल्या रात्री सांगितलं होतं की सकाळी आधी मुलांचा स्कीचा धडा उरकू, गोंडोला दुपारी बघू. तुम्हाला आधी वर जायचं होतं, साहजिक आहे, रील्समध्ये तेच दिसतं. रांगेत दुपार झाली. मग मुलांच्या पायात ते कडक प्लॅस्टिकचे बूट चढवायचे, टाच तळाला टेकल्याशिवाय बकल लागत नाही, एकाच्या मोज्याला घडी पडली म्हणून सगळं काढून पुन्हा घालायचं. यात तास जातो. ऊन कलल्यावर उतार गोठून काचेसारखा झाला तेव्हा मास्तरांनी धडा थांबवला, आणि बरोबर केलं. दोन तासांचे पैसे घेतले होते, एक तास झाला, उरलेल्या तासाचे पैसेही परत केले आहेत.

रील्सचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो, कारण यात आमच्या धंद्याचाही हात आहे आणि तो मी लपवत नाही. डोंगर एकच, पण तो दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना विकला जातो. एक स्कीवाला. तो जानेवारी-फेब्रुवारीत येतो, आठ-पंधरा दिवस गुलमर्गलाच राहतो, आणि त्याला नवा बर्फ पडलेल्या सकाळी पहिल्या डब्यात चढायचं असतं, कारण दुपारपर्यंत अफरवटचा तो कोरा उतार रेघोट्यांनी भरून जातो. दुसरा एका दिवसाचा पाहुणा. तो श्रीनगरहून भाड्याचा कोट आणि गमबूट घालून येतो, वर फोटो काढतो, परत जातो. दोघांना एकाच खिडकीवरून, एकाच वेळी, एकाच डब्यात. वर कोंगडोरीला हा पाहुणा स्कीच्या वाटेतच उभा राहून सेल्फी काढतो आणि वरून येणारा स्कीवाला ओरडत येतो. दोघेही घरी जाऊन दोन स्टार देतात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत स्की रिसॉर्ट चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ मध्ये एपिक पास काढला. हिवाळ्याआधीच स्वस्तात विकलेला हंगामभराचा पास, म्हणजे बर्फ पडो न पडो, पैसा आधी गल्ल्यात. २०२१ मध्ये त्याची किंमत आणखी वीस टक्क्यांनी उतरवली. पास हातात असलेला माणूस शनिवारी सकाळी येतोच. त्या हिवाळ्यात कामाला माणसंही कमी होती. रांगांवरून असा ओरडा झाला की वॉशिंग्टन राज्यातल्या ‘स्टीव्हन्स पास’ या तिच्याच स्की रिसॉर्टच्या गिऱ्हाइकांनी कंपनीविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. उलट स्वित्झर्लंडचं झरमॅट हे स्कीचं गाव बघा. गावात पेट्रोलच्या मोटारींना बंदी. पाच किलोमीटर अलीकडे टेशला गाडी लावायची आणि आगगाडीने वर जायचं. गुलमर्गची जाहिरात करताना स्वित्झर्लंडचं नाव सगळे घेतात, टेशच्या पार्किंगचं कुणी घेत नाही.

मनालीला गेला असतात तर बरं झालं असतं असंही तुम्ही लिहिलंय. मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीत हरित लवादाने दिवसाला १२०० गाड्यांची मर्यादा घातली. २०२० मध्ये खिंडीखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाला, त्या वाटेला तशी मर्यादा नाही. मग बर्फाची बातमी आली की सगळ्या गाड्या सोलंग ओलांडून बोगद्याकडे. डिसेंबरात तिथे गाडीत रात्र काढलेली माणसं आमच्याकडे येऊन बसली आहेत. उत्तराखंडात औलीच्या स्कीच्या उतारांवर जोशीमठहून जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद झाला. म्हणजे पर्याय मोजकेच, आणि गर्दी तिथेच दाटते.

फोटोबद्दल तुमचा राग समजतो. फोटो खरा आहे, फेब्रुवारीतल्या आडवारी सकाळी काढलेला, आणि खाली ‘फेब्रुवारी’ असं लिहिलेलं आहे. बुकिंगच्या वेळी आम्ही तुम्हाला फेब्रुवारीच सुचवला होता. शाळेच्या सुट्टीमुळे जमलं नाही, ते खरंच आहे. म्हणूनच तुम्हाला दिली ती कौटुंबिक काश्मीर सहल, तिला स्कीचा एक धडा जोडलेला. स्की शिकायची सहल आम्ही नाताळात विकतच नाही. आणि एक सांगतो, नाताळात निदान बर्फ मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे तिथल्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, गवत दिसत होतं. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या. बर्फाचे दिवस कमी झाले की तीच माणसं कमी दिवसांत येतात. कोंडी वाढते ती अशीही.

राहिला ‘लुटारू’ हा शब्द. तो तुम्ही मागे घ्यावा अशी विनंती आहे. स्लेजवाला मागे लागतो हे खरं, सतावतो हेही खरं. दर ठरवून घ्या, नको असेल तर एकदाच नाही म्हणून पुढे चला, थांबून घासाघीस केली की दहा जण जमतात. पण त्याचा हंगाम काही आठवड्यांचा, आणि रस्ता बंद पडला की त्या दिवशी त्याची कमाई शून्य. आपल्या गोव्याच्या टॅक्सीवाल्यांबद्दल बाहेरचे लोक काय काय लिहितात ते वाचा एकदा. आपल्याला झोंबतं ना?

मुलांना खरंच शिकायचं असेल तर फेब्रुवारीत गुलमर्गलाच मुक्काम, श्रीनगरहून ये-जा नाही, सकाळी उतारावर, गोंडोला एखाद्या मंगळवारी-बुधवारी. शाळेला चार दिवस दांडी पडेल, ते बाईंशी तुम्ही बोला. धाकट्याच्या बुटाचं माप आमच्याकडे लिहिलेलं आहे, पण पोरांचे पाय वाढतात, पुन्हा घेऊ. ऑफिसात या, फक्त शुक्रवार सोडून. शुक्रवारी म्हापश्याचा बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.