पसरणी घाट: उताराचंही बघा
सायकलने पसरणी घाट करण्यावरच्या लेखात वाई-पाचगणी चढाचंच कौतुक आहे, उतार एका ओळीत उरकलाय. चढ साधारण ५ टक्क्यांचा. साखळीचं दातेरी चक्र पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचं असलं की सीटवर बसूनच निघतो. गुडघे दुखतात ते जड गिअर रेटल्याने. खरी गडबड उतरताना. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबराने धरणारे) सतत दाबून धरले तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पडला की सोडा. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात लाल मातीची कच रुतते, रिम खरवडते, टाचणीने काढा. आणि टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा ओल्या रस्त्यावर कशाला? २८ मिमी रुंद टायरला ६५-७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या वाढण्याआधी खाली या.