परतीची होडी

सहा तास मांडवीच्या पात्रात बसून होतो आणि मांडवी एकदाही बघितली नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पाच जण कोल्हापूरहून आंबोली घाटाने उतरलो, पणजीच्या धक्क्यावर पैसे भरले, मनगटाला पट्टा बांधून घेतला आणि छोट्या होडीतून कॅसिनोच्या जहाजावर पोचलो. कुठलं जहाज ते सोडा. "दहा हजारांच्या वर एक रुपया लावायचा नाही" असं आंबोलीत कणीस खाताना मीच सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. पहाटे परतलो तेव्हा माझे अडतीस हजार गेले होते. दहा माझे, वीस मित्राकडून उसने, आठ कार्डावरचे. बायकोला खरा आकडा सांगायला मला अकरा दिवस लागले.

वर्गमित्रांच्या ग्रुपवर परत "चला गोवा" सुरू झालंय, म्हणून हे लिहितोय. व्याख्यान द्यायचं नाहीये. दिवाळीत आमच्याही घरी तीन पत्ती रंगते, आणि मटक्यातलं ओपन-क्लोज म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

तर त्या मटक्यावरूनच बोलू. मटक्याने घरं बुडवली, गिरणगावातली तर किती. पण त्यात एक गोष्ट होती. आकडा लावला, चिठ्ठी खिशात टाकली, की निकाल लागेपर्यंत माणूस घरी जायचा, जेवायचा, बायकोची बोलणी खायचा. मध्ये वेळ जायचा. कॅसिनोने सगळ्यात आधी हा मधला वेळच काढून टाकलाय, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आत घड्याळ नसतं, खिडकी नसते, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण माझ्या मनगटावर घड्याळ होतं की! खिशात फोन होता. त्याने काय झालं? लास व्हेगासमध्ये पूर्वी बुटकी छतं, अंधार आणि चक्रव्यूहासारख्या वाटा हेच कॅसिनोचं शास्त्र मानलं जायचं. मग स्टीव्ह विन या कॅसिनोमालकाच्या हॉटेलांसाठी रॉजर थॉमस या सजावटकाराने ते उलटं केलं. उंच छतं, खरी फुलं, काही ठिकाणी तर चक्क दिवसाचा उजेड. लोक तरीही बसून राहिले. म्हणजे अंधार ही काही अट नाही. उठायला निमित्त मिळू नये, एवढंच लागतं.

बघा ना, एरवी आपण उठतो कशाने? भूक लागते, बिल येतं, दुकान बंद व्हायला येतं, शेवटची एसटी चुकेल असं वाटतं. जहाजावर जेवण पॅकेजमध्ये, दारू पॅकेजमध्ये, दारू टेबलापर्यंत आणून देतात. बिल येतच नाही. पोरांसाठीसुद्धा वेगळी खोली. प्रवेशाच्या पैशात काही चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, मिळतात, त्यांना ओटीपी म्हणतात, म्हणजे वन टाइम प्ले. त्या वटवता येत नाहीत, टेबलावर लावूनच संपवायच्या. म्हणजे पहिला डाव तुम्ही आपल्या पैशाने खेळतच नाही. हात बसतो. मग रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबेल त्या खेळावर, आलात की नोटांच्या बदल्यात रंगीत चकत्या. प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा, आणि बऱ्याचदा चकतीवर किंमतही छापलेली नसते. पाचशेची नोट टाकताना हात अडखळतो. जांभळी चकती टाकताना कशाला अडखळेल?

शेजारी एक पाटी असते, आधीच्या फेऱ्यांत कुठले आकडे आले ते दाखवणारी. ही पाटी बघून मी स्वतःला गणिती समजू लागलो. सहा वेळा काळा आला, आता लालच! मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ ला काळा लागोपाठ २६ वेळा आला होता, आणि लोक दर वेळी "आता लाल" म्हणत बुडत गेले. चाकाला मागचं काही आठवत नाही. आठवतं ते आपल्याला, आणि पाटी लावलेली असते आपल्यासाठी.

स्लॉट मशीनची गंमत वेगळी. आमच्यातला एक जण रात्रभर तिथेच होता. तीन चाकं फिरतात, दोन सत्ते जुळतात आणि तिसरा रेषेच्या जरासा वर थांबतो. "थोडक्यात हुकलं!" काहीही थोडक्यात हुकलेलं नसतं. १९८४ साली इंगे टेलनेस नावाच्या माणसाला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. दिसणारं चाक काहीही दाखवो, निकाल आत संगणक काढणार, आणि चाक त्याप्रमाणे थांबवलं जाणार. त्यामुळे आतल्या आकड्यांची वाटणी अशी करता येते की मोठ्या बक्षिसाच्या शेजारचीच जागा वारंवार यावी. वर आणखी एक युक्ती. शंभर रुपये लावले, तीस परत आले, तरी मशीन दिवे लावून गाणं म्हणतं. सत्तर गेले, आणि वाजतोय बँडबाजा! स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलंच होतं की दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर कबुतर कळ दाबतच राहतं. आमचा मित्र सिव्हिल इंजिनीअर आहे, इतकाच फरक.

आता थोडं गणित, कारण हे मी घरी येऊन शिकलो, जाण्याआधी शिकायला हवं होतं. शून्याचं एकच घर असलेल्या रूलेटमध्ये मालकाचा वाटा २.७ टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६. माझ्या टेबलावर दोन शून्य होती, आणि मला ती शोभेची वाटली. पाचशेचा डाव, तासाला चाळीस फेऱ्या धरा, तर तासाभरात वीस हजार फिरवले. त्यातले सरासरी १,०५२ मालकाचे. सहा तासांचे सव्वासहा हजार. मग माझे अडतीस कसे गेले? कारण गेलेलं भरून काढायला मी पाचशेचा डाव दोन हजारांचा केला. कापतात ते तुम्ही खिशातून आणलेल्या पैशातून नव्हे, फिरवलेल्या एकूण एक रुपयातून. जितका वेळ बसाल, तितका तोच दहा हजारांचा गठ्ठा पुन्हा पुन्हा चरकातून जातो. म्हणून "किती पैसे न्यायचे" हा अर्धाच प्रश्न आहे. उठायचं कधी, ते आधी ठरवा.

आणि इथे ती होडी येते. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत मशीनला वाट करून दिली गेली, आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलांवरच्या खेळांना. म्हणून हा सगळा खटाटोप नांगर टाकून उभ्या जहाजांवर. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ एवढाच, की रागाने उठलात तरी दार उघडून रस्त्यावर येता येत नाही. खाली उतरा, होडीची वाट बघा. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "होडी येईपर्यंत एक डाव." मी असे चार डाव खेळलो. एक गंमत, गोवेकरांना स्वतःलाच २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. घरच्यांना जे वाढत नाहीत ते पाहुण्यांच्या पानात. आणि पाहुणे कोण, तर आपणच.

म्हणून यंदा माझं उलटं चाललंय. जी निमित्तं ते काढून टाकतात, ती मी घरूनच बांधून नेणार. कार्ड कोल्हापुरात राहील, यूपीआयची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये आदल्या दिवशीच खाली आणणार. रोख पाच हजार, ते हरायचेच असं धरून. दारू परत आल्यावर. जिंकलेल्या चकत्या कॅश काउंटरवर लगेच वटवायच्या, खिशात ठेवायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकमेकांना उसने द्यायचे नाहीत. मैत्री वगैरे जमिनीवर.

हे मात्र मौजेसाठी जाणाऱ्यांपुरतं. जो घरी खोटं बोलून, कर्ज काढून, गेलेलं परत आणायला जातोय, त्याला अशा युक्त्या सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला हळद. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन आजारांच्या यादीत घातलंय. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. सिंगापूरमध्ये तर घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोबंदी करवून घेऊ शकतात, आणि तिथल्या नागरिकाला आत जायलाच दिवसाला दीडशे सिंगापूर डॉलर मोजावे लागतात. आपल्याकडे हे काम अजून बायकोने कार्ड लपवूनच करायचं.

ग्रुपवर मी एवढंच टाकलंय: "येतो. पण रात्री अकराच्या होडीने खाली, तुम्ही या किंवा नका येऊ. आणि कुणी मला पैसे द्यायचे नाहीत." तीन दिवसांत एकच अंगठा आलाय. वीस हजार उसने देणाऱ्याचा.