स्त्री आली की वाद आलाच म्हणे

गेल्या रविवारी नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. पहिली पंगत रिवाजाप्रमाणे पुरुषांची. माझी भाची मठ्ठ्याचा जग घेऊन वाढत होती. जिलबीचं ताट समोर आलेल्या एका काकांनी तिला अडवलं, "काय गं, लग्नानंतर आडनाव बदललं नाहीस म्हणे. स्त्रीवादी झालीस की काय?" ती तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्यही त्यांनीच टाकलं, "स्त्री आली की वाद आलाच!" पंगत खदखदली. भाचीही हसली. "नाही हो काका, मी कसली स्त्रीवादी," म्हणाली आणि पुढच्या पेल्यात मठ्ठा ओतला.

ही मुलगी सीए आहे. फ्लॅट स्वतःच्या नावावर, हप्ते स्वतः भरते. स्थळं बघताना पहिल्याच भेटीत मुलाला "स्वयंपाक येतो का?" असं विचारून तिने आमच्या वहिनीला घाम फोडला होता. आणि म्हणे कसली स्त्रीवादी.

मला चोख उत्तरं कायम दोन दिवसांनी, भांडी घासताना सुचतात. म्हणून ही पोस्ट.

काकांचा विनोद काही ताजा नाही. साम्यवाद, राष्ट्रवाद, गांधीवाद, यातल्या 'वादा'त कुणाला भांडण ऐकू येत नाही. ते ऐकू येतं फक्त हा 'वाद' बाईच्या शेजारी बसला की. आधी 'स्त्रीमुक्ती' हा शब्द जोरात होता, तेव्हा "आम्हाला स्त्रीपासून मुक्ती कधी?" हा विनोद होता.

पण 'स्त्रीवादा'मागच्या मूळ फ्रेंच शब्दाची जन्मकथा या विनोदांपेक्षा भारी आहे. महिला दिनाला फॉरवर्ड फिरतो की शार्ल फूरिए या विचारवंताने १८३७ साली 'फेमिनिझम' हा शब्द घडवला. स्त्रियांना हक्क मिळतात तसा समाज पुढे जातो, हे त्याने १८०८ सालीच लिहिलं होतं, त्यामुळे श्रेय त्याला द्यायचा मोह होतोच. पण अभ्यासकांनी त्याचं लेखन चाळलं, तर हा शब्द सापडेना. शिवाय १८३७ मध्येच तो वारला.

हा शब्द ठळकपणे भेटतो १८७१ साली, फ्रान्समधल्या एका वैद्यकीय प्रबंधात. विषय, क्षयरोग. फानो द ला कूर नावाच्या विद्यार्थ्याने क्षयी पुरुषांच्या शरीरातली लक्षणं नोंदवली: नाजूक कातडी, विरळ दाढी, लांब पापण्या. या 'बाईसारखं दिसण्या'ला त्याने नाव दिलं फेमिनिझम. म्हणजे आपल्याकडे शाळेच्या मैदानावर चेंडू सुटलेल्या पोराला जे म्हणतात, बायल्या, त्याचंच हे डॉक्टरी रूप. बाईसारखं असणं हाच आजार.

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, नाटककार अलेक्झांद्र द्यूमा (धाकटा) याने तो शब्द दवाखान्यातून उचलून राजकारणात आणला. व्यभिचारी बायकोचं काय करायचं यावर त्याने एक पुस्तिका लिहिली होती. तिच्या शेवटी नवऱ्याला सल्ला होता: मारून टाक तिला. याच पुस्तिकेत, स्त्रियांची बाजू घेणाऱ्यांना त्याने 'फेमिनिस्ट' म्हटलं, आणि नवा शब्द वापरल्याबद्दल माफीही मागितली. माफी शब्दाबद्दल, सल्ल्याबद्दल नाही!

मग आली फ्रान्समधलीच उबेर्तीन ओक्लेर, बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी. मत देता येत नसेल तर करही देणार नाही म्हणणारी. 'ला सित्वायेन', म्हणजे 'नागरिक स्त्री', नावाचं वृत्तपत्र चालवणारी. टोमणा म्हणून फेकलेला हा शब्द १८८२ च्या सुमारास तिने स्वतःसाठी वापरायला घेतला. १९०८ साली पॅरिसच्या निवडणुकीत तिने मतपेटीच उलथवली. १९१४ साली गेली. फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली, म्हणजे हिने आयुष्यात एकदाही मत दिलं नाही.

आता १८८२ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेने बदनामीच्या भीतीने आपलं मूल मारलं, तिला फाशी सुनावली गेली (पुढे ती रद्द होऊन काळ्या पाण्याची झाली), आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाई त्यावर उसळल्या. सगळे दुर्गुण बायकांच्याच अंगी, आणि पुरुष काय धुतल्या तांदळासारखे, असा त्यांचा सवाल. पुस्तकावर टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुढे साहित्याचे अभ्यासक स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा छापून आणलं, १९७५ साली. मधली नव्वद-त्र्याण्णव वर्षं शांतता.

ताराबाई आणि ओक्लेर यांना एकमेकींचा पत्ताही नसणार, उगाच बहिणी-बहिणी करू नये. पण ताराबाईंजवळ 'स्त्रीवाद' हा शब्द नव्हता, तो मराठीत फार उशिरा आला, आणि तरी त्यांचं काही अडलं नाही. त्यामुळे "हे पाश्चात्त्य खूळ आहे" म्हणणाऱ्यांना मी एवढंच कबूल करते की शब्द बाहेरचा आहे. बटाटाही पोर्तुगिजांनी आणला. परवाच्या पंगतीत बटाट्याच्या भाजीला कुणी परकी म्हणून नाही म्हटलं नाही. काकांनी तर दोनदा घेतली.

भाचीला नंतर गॅलरीत गाठलं. म्हणाली, "आत्या, सगळं पटतं गं, पण शिक्का कशाला?" खरं सांगायचं तर तिची अडचण मला समजते. शिक्का बसला की पुढचं प्रत्येक वाक्य 'हिचं काय, ही तसलीच' म्हणून खोडता येतं. तिला सासरी रोज राहायचंय, मला नाही. पण शिक्का तर काकांनी भर पंगतीत मारलाच होता की, तिने हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. ओक्लेरलाही कुणी विचारून मारला नव्हता. हे मी तिला सांगणार होते, तेवढ्यात आतून हाक आली, बायकांची पंगत बसतेय.

आम्ही बसलो तेव्हा जिलबी संपली होती. येताना कोपऱ्यावरून पाव किलो घेतली आणि दोघींनी गाडीतच खाल्ली.