फेलोशिप मंजूर, पैसे मात्र ‘प्रोसेसमध्ये’
जून २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने पहिल्या श्रेणीच्या रिसर्च असोसिएटचं, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या आमच्यासारख्या पोस्टडॉकचं, महिन्याचं मानधन ४७ हजारांवरून ५८ हजार केलं. केवढा आनंद! अहो, पण ते खात्यात कधी पडणार? एप्रिल उजाडला की दरवर्षी तीच रड. मागचं यूटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचे पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. ते बनवणार अकाउंट्सवाले, सही वरच्या साहेबांची, ऑडिटरचा शिक्का वेगळा. आणि फाइल कुठल्या टेबलावर झोपलीय हे हुडकायचं पोस्टडॉकने. पेशी इन्क्युबेटरमध्ये मरेनात का तोवर!

बरं, आम्ही नक्की कोण, हेही विद्यापीठाला ठरवता येत नाही. हॉस्टेल मागा, ‘तुम्ही विद्यार्थी नाही’. क्वार्टर मागा, ‘तुम्ही स्टाफ नाही’. (ग्रंथालयाचं डिपॉझिट मात्र लगेच चालतं.) तिशी ओलांडलेल्या डॉक्टरेटवाल्याने घरमालकाला काय सांगायचं, ऑडिटर रजेवर आहे म्हणून?

विद्यापीठाला दर्जा देणाऱ्या ‘नॅक’साठी शोधनिबंध मोजताना मात्र आम्ही एकदम ‘आपले’! आणि परवा मेल काय यावा? पोस्टडॉकसाठी तणावमुक्ती कार्यशाळा, उपस्थिती अनिवार्य. अरे, आधी थकलेलं मानधन टाका की खात्यात!