पॅड गुंडाळून द्याच, पण ते बनवणाऱ्यालाही जाब विचारा

वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा बाळाचं डायपर कचऱ्यात टाकलं की आपल्यापुरता विषय संपतो. पुण्यात तो पुढे कचरावेचक बाईच्या हातात जातो. यातल्या बहुतेक जणी दलित समाजातल्या आहेत. सुका कचरा त्या हाताने निवडतात आणि त्यात रक्ताने, शी-शूने भिजलेल्या या वस्तू निघतात. मला याचा संताप येतो, आणि तो फक्त न गुंडाळता टाकणाऱ्यांवर नाही.

२०१३ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेली पॅड्स गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली होती. इतकं नेमकं आंदोलन मी दुसरं पाहिलेलं नाही. ज्याने वस्तू बनवली, त्याच्याच दारात ती ठेवली.

एक कोरं पॅड उकलून बघा. वर पॉलिप्रॉपिलीनचं मऊ आवरण, मध्ये लाकडाचा लगदा आणि ओल शोषून जेल होणारी पावडर, खाली पॉलिथिनचा पातळ थर, मग गोंद, त्यावर गुळगुळीत कागद आणि वर प्रत्येकाला वेगळं वेष्टन. वापर काही तासांचा! सगळे थर असे चिकटवलेले की वेगळे करणं व्यवहारात शक्य नाही. भंगारवाला घेत नाही, खतात कुजत नाही, ओलं असल्यामुळे धड जळतही नाही. गळू नये, पातळ असावं, जागचं हलू नये, याचा डिझाइन करणाऱ्यांनी बारीक विचार केला. वापरून झाल्यावर त्याचं काय, हा प्रश्न मात्र दुसऱ्यांवर सोडला.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना दोन वाटा दिल्या: पुनर्वापर होईल असं साहित्य वापरण्याची शक्यता तपासा, किंवा प्रत्येक नगासोबत टाकण्यासाठी पिशवी द्या. या 'किंवा'ने घात केला. पिशवी दिली तरी आतलं पॅड तेच राहतं.

आणि कृपा करून याचा बोजा बायकांवर टाकू नका. पॅडमुळे कितीतरी मुली पाळीतही शाळेत जाऊ लागल्या. जिथे नळाला पाणी नाही, कपडा उन्हात वाळत घालायची सोय नाही, तिथल्या मुलीला कापड किंवा धुऊन पुन्हा वापरायचा पाळीचा कप वापरण्याचा उपदेश करणं निर्दयपणाचं आहे. ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावं, मीही आग्रहाने सांगते.

पर्याय नाहीत असंही नाही. अहमदाबादची 'साथी' ही कंपनी केळीच्या धाग्यापासून पॅड बनवते. आपल्या जळगावात घड उतरवल्यावर केळीची किती खोडं शेताबाहेर फेकली जातात, ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. सरकार शाळांसाठी पॅड खरेदी करतं, तेव्हा निविदेत किमतीसोबत 'ते कुजतं का' ही अटही घालता येईल. किंमत थोडी वाढेल, तर तो फरक सरकारने सोसावा.

तोवर कागदात गुंडाळून, लाल खूण करून, वेगळं द्या. आणि पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा: हे कशाचं बनवलंय, आणि वापरल्यावर तुम्ही परत घेणार का?