एका बिस्किटानं काय होतंय!

"अगं, एका बिस्किटानं काय होतंय!"

काय होतंय ते सांगते काका, बसा. बाक तुमचाच आहे.

एकवीस दिवस मी बंड्याला, माझ्या कुत्र्याला, लक्ष खेचणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष करायला शिकवतेय. रोज पावणेसहाला खाली, कारण साडेसहाला शाळेच्या बसेस सुरू होतात आणि मग देवाचा बाप आला तरी आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर कुणाचं ऐकत नाही. दहा मिनिटं सराव, की बंद. पहिले चार दिवस काकांच्या बाकापासून शंभर फुटांवर, पार्किंगच्या पार टोकाला. तिथून बाक दिसतो, काका दिसतात, पण तोंडापुढे धरलेला चिकनचा तुकडा बंड्या अजून खातो. खायचं थांबला की समजायचं, आपण फार जवळ आलो. तिथे उभं राहून 'बस, बस, बस' करणं म्हणजे भिंतीशी गप्पा. तर शंभर फूट. बंड्यानं बाकाकडे बघितलं, 'येस्' (म्हणजे 'बरोबर, खाऊ येतोय'), तुकडा. परत बघितलं, 'येस्', तुकडा. 'येस्' बघताक्षणी यायला हवा, तो उठून ओढायला लागल्यावर नव्हे. तिसऱ्या दिवशी हे ध्यान बाकाकडे बघून आपणहून मान वळवायला लागलं. बघितलं हां, आण आता. त्या एका मान वळवण्यासाठी सगळा अट्टहास असतो. मग कधी पाच फूट पुढं, कधी दहा, एकदा मांजर आडवं गेलं म्हणून वीस फूट मागं. काल आम्ही पंधरा फुटांवर होतो. पंधरा! पट्टा सैल, खाली झोळ पडलेला, कान मागे, नजर माझ्याकडे.

आज सहा वाजून दहा मिनिटांनी काकांनी झब्ब्याच्या खिशातून पुडा काढला, "यू यू यू" केलं आणि ग्लुकोजचं बिस्कीट फेकलं. हातात दिलं नाही, फेकलं. उडती वस्तू, वर खाण्याची. सव्वीस किलोचं जनावर सहा फुटी पट्ट्याच्या टोकापर्यंत धावलं की माणसाच्या खांद्याचं काय होतं ते ज्याचं झालंय त्यालाच कळेल. चपलेचा अंगठा तुटला तो वेगळाच. आणि मी सावरतेय तोवर दुसरं बिस्कीट! "लेकरू आहे ते, उपाशी ठेवतेस की काय?" उपाशी? या लेकराच्या एका सकाळसाठी दीडशे ग्रॅम बोनलेस उकडलं जातं. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण कुत्र्यांना ते विष आहे. उकडल्यावर फडक्यानं टिपून कोरडं करायचं, नाहीतर हात बुळबुळीत होतो आणि तुकडा वेळेवर सुटत नाही. मग वाटाण्याएवढे तुकडे. तेवढं खाणं त्याच्या वाडग्यातून वजा करायचं, कारण लॅब्रॅडॉर फुगायला वेळ लागत नाही. यावर पाच रुपयांच्या पुड्यातली मैदा-साखर भारी पडते, कारण ती काकांनी फेकली! आयजीच्या जिवावर बायजी उदार ऐकलं होतं, आज झब्ब्यात बघितलं.

थांबा, कहर पुढे आहे. काका म्हणाले, "बस." आणि तो बसला. माझ्यासमोर. पाठ ताठ, शेपूट फरशीवर झाडू मारतेय. "बघ, माझं कसं ऐकतो."

हो, ऐकतो. 2020 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंध व्यक्तींच्या मदतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांवर हेच बघितलं होतं. पाच महिन्यांचं असताना सांभाळणाऱ्याच्या 'बस'वर बसणारं पिल्लू आठ महिन्यांचं झालं की त्याच माणसाला दाद देईनासं होतं, आणि परक्यानं सांगितलं की मुकाट बसतं. चौदा वर्षांचं पोर घरात आईशी कसं वागतं आणि शेजारच्या काकूंकडे कसं वागतं, तेच. म्हणजे शास्त्रसुद्धा काकांच्या बाजूचं. तळपायाची आग मस्तकात जाते ती अशी.

आता 'एका' बिस्किटाचं. रोज दिलं असतं ना काका, तर एक वेळ परवडलं असतं. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की कुत्र्याला चार दिवसांत कळतं, दुकान बंद झालं. एकवीस दिवस काही नाही आणि बाविसाव्या दिवशी अचानक दोन, ही लॉटरी आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरं पेटीत घालून हे दाखवून दिलं त्यालाही जमाना झाला. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की ती बटणावर चोची मारतच राहतात, दाणा बंद केला तरी. बंड्याच्या डोक्यात आज एवढंच शिरलं की बाकावर डोळा ठेवला तर कधी ना कधी लागतो. उद्या काकांनी काही दिलं नाही तर तो आधी भुंकेल, मग उड्या मारेल, मग झब्बा ओढेल. सवय मरण्याआधी अशी उसळी मारू शकते. नेमक्या त्या उसळीला काका म्हणणार, "अरे अरे, घे बाबा." झालं. सगळं मुसळ केरात.

आणि यावर सोसायटीच्या ग्रुपवर सल्ले सुरू. "लहानपणीच वळण लावायला हवं होतं." आता तो लहानच आहे हो! सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत हा असाच नाठाळ असणार आहे.

"चोक चेन घाला, एक झटका द्या, आठ दिवसांत सरळ. आमच्याकडचा ट्रेनर गॅरंटी देतो." गॅरंटी? कुणाची, मिक्सरची? समोर कुत्रं दिसलं की मान आवळते, परत दिसलं की परत आवळते. पाच-दहा वेळा झालं की हिशेब पक्का: समोरचं कुत्रं म्हणजे गळ्याला दुखणं. आनंदानं ओढणारं पिल्लू दोन महिन्यांत गुरगुरायला लागतं, आणि मग तोच ट्रेनर 'ॲग्रेशन'साठी वेगळे पैसे घेतो. पुढून पट्टा लागणारा हार्नेस घ्या, छातीवर कडी असलेला. ओढलं की कुत्रं आपोआप आपल्याकडे वळतं. काखेत दोन बोटं सहज जातील एवढा सैल. त्यानं शिकत काही नाही, पण खांदा आपल्या जागी राहतो, शिकवायला.

बी विंगमधला तो गुंडाळणारा पट्टावालाही आलाच. बटण दाबलं की सोळा फूट दोरी सुर्रकन बाहेर. एका हातात फोन, दुसऱ्या हातात तो डबा, आणि तिकडं दुसऱ्या टोकाला त्याचं पामेरियन आमच्या तंगड्यांत. "काही करत नाही हो तो, फ्रेंडली आहे." तुमचा करत नाही, माझा करतो! ओढलं की दोरी वाढते, म्हणजे ओढणं हाच नियम. वर दोरीवर कायम ताण, त्यामुळे सैल पट्टा म्हणजे काय हेच त्या कुत्र्याला ठाऊक नसतं. मोकळीक द्यायची तर तीस फुटी लांब दोरी मिळते. मोकळ्या मैदानात, हार्नेसला, गळपट्ट्याला कधीच नाही. पूर्ण वेगात टोकाला पोचलं आणि दोरी मानेला असली तर मान जायची.

गेटवर पहाटे पावणेसहालाच भटक्यांना भात घालणाऱ्या ताई, तुमचं मन मोठं आहे, मान्य. पण गेटवर? भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्राच्या 2023 च्या नियमांतच लिहिलंय, खायला घालायची जागा येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी, आणि ती सोसायटीनं ठरवायची. सोसायटीनं मीटिंग घेतली, चहा घेतला, आणि कुत्र्यांनी लिफ्टमधून जायचं की जिन्यानं यावर दीड तास घालवला.

रविवारच्या बिर्याणीची हाडं कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवणारे. डब्यात नाही, शेजारी! शिजलेलं हाड चावलं की टोकदार कपच्या निघतात, आतडं फाटू शकतं. म्हणून 'सोड' शिकवायचं, आणि ते डब्यापाशी शिकवून होत नाही. घरी, बंद मुठीत खाऊ. तो चाटेल, चावेल, पंजा मारेल. आपण गप्प. नाक मागे गेलं की 'येस्', आणि बक्षीस दुसऱ्या हातातून, मुठीतलं कधीच नाही. मग उघडा तळवा, मग जमिनीवर चपलेखाली, मग चपलेशेजारी, मग पट्ट्यावर चालता चालता. एकेक पायरी दहापैकी आठदा जमली तरच पुढे. लोक पहिल्या दिवशी डब्यापाशी जाऊन 'सोड! सोड! सोड!' ओरडतात आणि त्याला 'सोड' म्हणजे 'पटकन गिळ' असं शिकवून येतात.

असो. आता एक कबूल करते, कारण कुणीतरी बाल्कनीतून बघितलं असेलच.

दुसऱ्या बिस्किटानंतर मी काकांशी जे काही बोलले ते सुमारे चार मिनिटं चाललं. त्या चार मिनिटांत बंड्या आपण होऊन खाली बसला होता, माझ्याकडे बघत. पट्टा सैल. हवा तस्सा बसला होता. आणि त्याला 'येस्' म्हणायला कुणी नव्हतं, कारण ज्या बाईनं एकवीस दिवस 'लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष कसं करावं' शिकवलं तीच केस विस्कटून, एक चप्पल हातात घेऊन एका सत्तर वर्षांच्या माणसावर भुंकत होती. मला तेव्हा कुणी तोंडापुढे चिकनचा तुकडा धरला असता तर मीही खाल्ला नसता. फार जवळ गेले होते, पंधरा फुटांपेक्षा बरंच जवळ. वर जाकिटाच्या खिशाला तीन आठवड्यांचा उकडलेल्या कोंबडीचा वास, त्यामुळे मागे दोन भटकी आणि एक मांजर शांतपणे तमाशा बघत बसलेली.

तरीही चूक काकांचीच आहे.

आणि कबुतरांना ज्वारी टाकणाऱ्यांची. आणि घंटागाडीच्या त्या गाण्याची, जे नेमकं वळणावर सुरू होतं. आणि नदीकाठच्या ढोल पथकांची, ज्यांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधीपासून पेटतो. त्यांचं एक बरं की वेळ ठरलेली असते. लांब कुठंतरी, आवाज फक्त कानावर येईल इतक्या अंतरावर उभं राहून तुकडे देता येतात, रोज थोडं जवळ. घंटागाडीला तसं वेळापत्रक नाही. ती अवतरते. अंगावर आलीच तर मूठभर तुकडे गवतात फेकायचे, 'शोध' म्हणायचं आणि नाक खाली जाऊ द्यायचं. हुंगायला लागलं की डोकं आपोआप शांत होतं. मग उलटं फिरून चालू लागायचं. 'यू टर्न'सुद्धा आधी घरच्या पॅसेजमध्ये पन्नास वेळा गिरवलेला असला तरच ऐन वेळी होतो, नाहीतर नुसती ओढाताण.

हो, आणि "फिरायला नेता की नुसतं हुंगवता?" विचारणारे मॉर्निंग वॉकवाले. हुंगणं हेच त्याचं वर्तमानपत्र आहे. सरावाआधी पाच मिनिटं मनसोक्त हुंगू दिलं की पुढची दहा मिनिटं डोकं जाग्यावर राहतं. आणि चार पावलं सैल पट्ट्यावर चालला तर त्या खांबाशी जायची मुभा हेसुद्धा बक्षीसच आहे, फुकटचं. तुमच्या दहा हजार पावलांसाठी त्याला फरफटवू का?

तर उद्याचं असं. सकाळी फिरायला रस्त्याच्या बाजूनं, बाक नाहीच. आज दोनदा भडका उडालाय, अंगातली खळबळ उतरायला एखादा दिवस द्यावा लागतो, नाहीतर परवा साधी सायकल दिसली तरी फुटेल. परवा साठ फुटांवरून. शंभरपासून नको, तो इतकाही विसरत नाही. तुकडा मांडीच्या शिवणीला लावून, कुत्र्याच्या बाजूच्या हातानं. पुढ्यात दिला की तो आडवा येतो आणि मग आपण पालथे.

आणि काकांचं काय, त्यावर दुपारभर डोकं चालवलं. ओरडून काही होत नाही, ते आज सिद्ध झालं. म्हणून एका छोट्या डबीत दहा तुकडे भरून काकांना देणार. अट एकच, फेकायचं नाही. बंड्याचे चारही पाय जमिनीवर आणि तोंड माझ्याकडे असेल, आणि मी 'काका' म्हटलं, तरच एक तुकडा, तळहातावर. ते न जमल्यास डबी परत. मघाशी फोन केला तर म्हणाले, "बरं, पण त्यात मीठ नाही का गं? अळणी लागत असेल त्याला."

एकवीस दिवस लागतील. काकांना.