सात गाणी कुणी खाल्ली?

सत्या पार्काच्या कट्ट्यावर आला तोच पिशवी छातीशी कवटाळून. आत 'स्टॉप मेकिंग सेन्स'ची, म्हणजे टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलीवरच्या सिनेमातल्या गाण्यांची, 1984 ची एलपी. कुठून मिळवली, कितीला मिळाली, हे दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा पक्यानं त्याच्या हातात चहा कोंबला.

"2023 मध्ये दोन तबकड्यांची नवी आवृत्ती आलीय की. ती सोडून ही कशाला?" मी विचारलं.

"नवीचा आवाज फार धुतलेला आहे रे. हिच्यात कसं, शांततेलासुद्धा वजन आहे."

(सत्याच्या स्पीकरची वायर त्याच्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग आहे. इतके पैसे गेल्यावर शांततेलाही वजन येणारच.)

"शांततेचं नंतर बघू. हिच्यावर गाणी किती?" नंदी.

"नऊ."

"आणि सिनेमात किती होती?"

सत्या चहा फुंकायला लागला.

पक्याचं दुखणं निराळं. त्याच्या मते हा लाईव्ह अल्बमच नव्हे. "हॉलिवूडचं पँटेजेस थिएटर, डिसेंबर 1983, सगळं मान्य. पण एका रात्रीचा कार्यक्रम आहे का हा? चार रात्री शूटिंग करायचं, चांगले तुकडे उचलून जोडायचे, वर गाण्यांची काटछाट. लाईव्ह म्हणजे घसा बसला तर बसलेला ऐकवा. ऐकायचाच तर टॉकिंग हेड्सचा 1982 चा तो डबल अल्बम ऐका!"

"तो 1977 ते 81 च्या कार्यक्रमांतून जोडलेला आहे ना?" नंदी.

"हो."

"म्हणजे चार रात्री जोडल्या तर लबाडी, आणि चार वर्षं जोडली की सच्चेपणा!"

पक्यानं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटलं. त्या दिवशी त्याचं काहीच जुळत नव्हतं.

"आणि सुरुवात आठव," नंदी आता सुटली होती. "रिकामं स्टेज. पांढरे कॅनव्हासचे बूट चालत येतात. बँडचा गायक डेव्हिड बर्न टेपरेकॉर्डर खाली ठेवतो, एक टेप वाजवून दाखवतो म्हणतो, आणि गिटार घेऊन 'सायको किलर' सुरू. तो ठेका त्या टेपरेकॉर्डरमधून येतच नाही. रोलँडचं ड्रम मशीन आहे, मिक्सरवरून सोडलेलं. पहिल्याच मिनिटाला माणूस सांगतोय की हे नाटक आहे. पुढे तो अवाढव्य कोट घालून येतो, तीही कल्पना जपानच्या नोह नाटकावरून घेतलेली. तू नाटकाला जाऊन विचारतोस का, की तिसऱ्या अंकात मेलेला माणूस पडदा पडल्यावर चहा कसा पितो?"

"मग तुझी तक्रार तरी काय?"

"काटछाट चुकीच्या जागी केलीय, ही. स्टेज कसं भरत जातं बघ. आधी एकटा बर्न. मग 'हेवन'ला टीना वेमथ बास घेऊन येते. मग तिचा नवरा ख्रिस फ्रँट्झ ड्रमवर, मग जेरी हॅरिसन. काळ्या कपड्यांतली माणसं आपल्यासमोर चौथरे ढकलत आणतात. शेवटी नऊ जण, त्यांत कीबोर्डवर पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडचा बर्नी वॉरेल. पाहुणे एकेक करून येतात, पंगत भरते, तेव्हा कुठं वाढप सुरू होतं. आणि सत्या, तुझ्या तबकडीवर 'सायको किलर' संपलं की थेट 'स्वॉम्प'! पानं मांडायच्या आधीच अख्खी वरात जेवायला बसलेली. बाई ज्या गाण्याला येते ते गाणंच नाही. तिच्या नि नवऱ्याच्या दुसऱ्या बँडचं, टॉम टॉम क्लबचं 'जीनियस ऑफ लव्ह', तेही नाही. 1999 ला सोळा गाणी बाहेर आली, तेव्हा कळलं सात कुणी खाल्ली होती."

"अगं, एलपीवर जागा किती असते?" सत्या काकुळतीला आला.

"दुसरी तबकडी लावता येत होती. पक्याच्या लाडक्या अल्बमला लावली होतीच की."

इथं मी मध्ये पडायला हवं होतं, पण नंदीचं पटत होतं. पक्यानं मग ठेवणीतलं हत्यार काढलं. "चौथरे ढकलण्याबद्दल तू बोलूच नकोस. एकांकिकेत तुझ्या अंगावर खिडकी पडली होती."

"दोरी कोण धरून होतं?"

"मी. पण मला शिंक आली."

"बघ! ते होतं तुझं लाईव्ह. घसा बसला तर बसलेला, खिडकी पडली तर पडलेली."

हशा ओसरल्यावर मला माझी कॅसेट आठवली. हाच अल्बम, काळाघोड्याच्या रिदम हाऊसमधून आणलेला. 1994 मध्ये कट्ट्यावर फिरायला निघाला तो परत आलाच नाही. इतकी वर्षं मी पक्यावर संशय घेत होतो. त्याच्या बारशाला, त्याच्या मुलाच्या बारशाला म्हणतोय मी, याच रागानं गेलो नव्हतो.

पक्या शांतपणे सत्याकडे बघत होता. सत्या कान खाजवत होता.

"ती... माझ्याकडे होती," सत्या म्हणाला. "म्हणजे अजून आहे."

"मग दे की!"

"तिच्यावर आता ते नाहीये. लग्नात ऐन वेळी कोरी कॅसेट सापडेना. टेप पुसली जाऊ नये म्हणून असलेल्या वरच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली आणि... मंगलाष्टकं भरली."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. या शांततेला मात्र खरंच वजन होतं.

नंदीनं कप खाली ठेवला. "किती कडवी भरलीस?"

"सगळी."

"मग बँडपेक्षा तू बरा."

पक्याच्या नाकातून चहा आला. सत्याची एलपी वाचवायला मीच धावलो. ती भिजली असती तर किंमत चौथ्यांदा ऐकावी लागली असती.